आधी तिथी, मग सुरमई: कोल्हापुरातून होडीनं जेवायला जायचं असेल तर

कोल्हापूरकराला पाणी फुटात कळतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे इथं शाळेतलं पोरगंही सांगतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर पावसाळ्यात सकाळी उठल्यावर चहाआधी पातळी बघायची सवयच लागली आहे. पण हाच माणूस घाट उतरून मालवणला गेला की पाण्याकडं बघत नाही, थेट ताटाकडं बघतो. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, हे भूगोलात वाचलेलं असतं. जेवायची वेळ त्यावर ठरते, हे मात्र फजिती झाल्याशिवाय कळत नाही.

माझी झाली. आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही चौदाजण देवबागला गेलो. आरामात निघालो, वाटेत दोनदा मिसळ झाली, पोहोचेपर्यंत दुपार. एक वाजता होडीत बसलो. ‘आधी फिरून येऊ, मग नदीकाठच्या खानावळीत उतरून निवांत जेवू’ असा बेत मीच केला होता. पौर्णिमा होती आणि पाणी उतरत होतं, दोन्हीकडं आमचं लक्ष नव्हतं. तीनच्या सुमाराला होडी वाळूत बसली. सगळे बापे पँटी दुमडून उतरले, गुडघाभर पाण्यात ढकलाढकली झाली. खानावळीत पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. शिल्लक काय, तर बांगड्याची आमटी आणि भात. तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा, दोष नव्हता. त्यानं निघतानाच ‘उशीर झालो’ म्हणून सांगितलं होतं. पुढं लिहिलेलं सगळं त्या दिवसानंतर शिकलेलं आहे.

पहिली पायरी: पंचांग काढा

मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, जायच्या आदल्या दिवशी ते बघाच. पण दिवस ठरवताना कोकणातला जुना हिशेब जास्त सोयीचा, कारण तो भिंतीवरच्या कॅलेंडरवरून होतो. तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे तिथीच्या आकड्याला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. जे येईल ती त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. त्यापुढं साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून नव्यानं. अमावस्येला आणि पौर्णिमेला पंधरा धरायचे.

तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती पूर्ण, म्हणजे सकाळी आठच्या आसपास पाणी तळाला. दहानंतर पाणी चढत असतं, होडी अडकायची भीती कमी आणि जेवायच्या वेळेला काठापर्यंत पाणी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. वाळूचे पट्टे ऐन दुपारी उघडे पडतात, त्यावर उतरून खेळायला उत्तम. पण होडी खानावळीच्या पायरीला लागेलच असं नाही, थोडं चिखलातून चालावं लागेल. पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळी पाणी भरपूर, आणि दुपारभर ते उतरत जाणार. आमच्या फजितीचं गणित हेच.

दुसरी गोष्ट जोराची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. नवख्या मंडळींनी, विशेषतः बरोबर लहान मुलं किंवा सासू-सासरे असतील तर, भांगाचे दिवस धरावेत. उधाणाला नदीच्या मुखाशी ओढ फार असते. त्यात उतरतं पाणी समुद्राकडं निघालेलं आणि दुपारचा वारा समुद्राकडून येणारा, असं झालं की मुखावर आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा वेळी तांडेल ‘संगमावर नको’ म्हणाला तर तो पैसे वाचवत नाही, तुम्हाला वाचवतोय. ‘जरा पुढं घ्या की’ हा आपला कोल्हापुरी आग्रह तिथं करायचा नाही.

ऋतूचं थोडक्यात. साधारण मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत समुद्रातल्या पर्यटक होड्या बंद असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरीही तेव्हा नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, तेव्हा ताजी सुरमई मागणं म्हणजे बर्फातली सुरमई मागणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. फक्त मालवणजवळच्या आंगणेवाडीची, भराडीदेवीची जत्रा कधी आहे ते बघून घ्या. भराडीदेवीला जायचं असेल तर त्याच दिवशी जा, होडीत बसायचं असेल तर त्या दिवशी मालवणचा रस्ताच धरू नका.

कुठं जायचं

अगदी नवखे असाल तर पहिल्यांदा नृसिंहवाडी करा. कोल्हापूरपासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, अर्ध्या दिवसाचं काम. कृष्णा-पंचगंगेचा संगम, घाटावरून नाव मिळते, नदीला भरती-ओहोटी नाही, त्यामुळं गणित करायचं नाही. मुलं होडीत घाबरतात का, कुणाला गरगरतं का, आजोबांना चढता-उतरता येतं का, हे सगळं इथं स्वस्तात कळतं. नावेतून उतरलात की पायऱ्या चढून वर, बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. जेवण शाकाहारी. गुरुवार आणि पौर्णिमा गर्दीची, तेव्हा जायचं तर दर्शनासाठीच जा. पावसाळ्यात पाणी चढलं की नाव विसरायची. त्या दिवसांत वाडीला लोक दक्षिणद्वार सोहळ्याला जातात, जेव्हा नदीचं पाणी पादुकांवरून वाहतं. तो वेगळा अनुभव आहे, होडीशी त्याचा संबंध नाही.

ज्यांना लहान होडीत बसायचंच नाही त्यांच्यासाठी आंबा घाटानं उतरून गणपतीपुळे आणि पुढं जयगड. तिथं शास्त्री नदीच्या खाडीवर जयगड ते तवसाळ फेरीबोट चालते. गाडीसकट आत जायचं, गाडीतून उतरून कठड्याला टेकायचं, पलीकडं जाऊन परत यायचं. आमच्या आईला ही सहल सगळ्यात आवडली, कारण ‘बोट हलतच नाही’. जेवण पुळ्यात करा.

पण ‘होडीनं जेवायला’ हे शब्द ज्या जागेला खरे शोभतात ती देवबाग-तारकर्ली. देवबाग म्हणजे जमिनीची एक लांब, अरुंद पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. नदीच्या बाजूचं पाणी संथ असतं. माडांच्या रांगा, त्यात घरं, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत खानावळ. कित्येक ठिकाणी एकाच घरात भाऊ होडी चालवतो आणि वहिनी चूल सांभाळते. संगमाजवळ ओहोटीला वाळूचा पट्टा वर येतो, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. पलीकडच्या तीरावर भोगवे. डॉल्फिन बघायचे तर होडी समुद्रात जाते, आणि ते सकाळीच. दुपारी वारा सुटल्यावर समुद्रात जाण्यात मजा नाही, पोटात मात्र ढवळतं.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला हा दुसरा पर्याय. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला किनाऱ्यावरून अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो. होडी सोडते, साधारण तासाभराचा वेळ देते आणि त्याच होडीनं परत यायचं असतं. तासाभरात तट, शिवराजेश्वराचं देऊळ आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी एवढं होतं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे मुलांना दाखवण्यासारखं आहे. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर रांग असते, तो वेळ हिशेबात धरा.

आता एक अप्रिय सल्ला. कोल्हापुरातून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर किल्ला किंवा खाडी, एकच. दोन्ही करणारे लोक दोन्हीकडं घड्याळच बघतात. दोन्ही हवं असेल तर मुक्काम करा.

दिवस उलटा मोजा

आपण निघायच्या वेळेपासून बेत करतो. इथं परतीपासून करायचा. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल या रस्त्यानं मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं, चार तास धरा, देवबाग आणखी अर्धा तास. गगनबावड्यावरून उतरायचं तर करूळ किंवा भुईबावडा घाट. कुठला चालू आहे हे आदल्या दिवशी विचारून घ्या, कारण दरड आणि रस्त्याची कामं यांना आपल्या सहलीचं काही देणंघेणं नसतं.

परत येताना फोंडा घाट उजेडात चढून व्हावा असा माझा नियम आहे. हिवाळ्यात सहाच्या पुढं अंधारतं, आणि दाजीपूरच्या जंगलातून संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. वळणावर अंधारात गवा म्हणजे उभी भिंतच. म्हणजे साडेपाचला घाटाच्या पायथ्याशी हवं, म्हणजे देवबागमधून उशिरात उशिरा सव्वातीनला निघायला हवं. म्हणजे एकला पानावर बसायला हवं. म्हणजे दहाला होडी. म्हणजे पहाटे पाचच्या आत घर सोडायचं. हे ऐकून तोंड वाकडं करणारा एक मेंबर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला मागच्या सीटवर झोपायला उशी द्या.

आणि आता परत कॅलेंडर. दहा ते साडेबारा होडी आणि एकला जेवण, या वेळेला पाणी चढतं राहील अशी तिथी कुठली? द्वितीया ते चतुर्थी. भरती दीड ते तीनच्या दरम्यान येते. ज्यांना वाळूच्या पट्ट्यावर जास्त वेळ हवा आहे त्यांनी षष्ठी ते अष्टमी बघावी. द्वादशी-त्रयोदशीला भरती नऊ-दहालाच होऊन जाते आणि तुम्ही होडीत बसता तेव्हा पाणी उतरायला लागलेलं असतं. तेव्हा होडी आधी आणि लवकर, किंवा तो रविवार सोडून पुढचा.

फोन दोन करायचे

एक तांडेलाला, एक खानावळीला. बऱ्याचदा दोन्ही एकच निघतात.

तांडेलाला विचारायचं ते असं. भाडं माणशी की अख्ख्या होडीचं? किती वेळ, आणि कुठं कुठं? खानावळीच्या काठाला सोडणार का, की धक्क्यावर? आम्ही जेवत असताना होडी थांबणार असेल तर त्याचे वेगळे पैसे का? होडीत किती माणसांची परवानगी आहे, आणि लाइफ जॅकेट तितकी आहेत का? लहान मुलांच्या मापाची आहेत का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. मोठ्या माणसाचं जॅकेट पाच वर्षांच्या पोराला घातलं तर पोर पाण्यात खालून निसटतं. होडीत बसल्यावर पट्टे आवळून घ्या, फोटोसाठी सैल सोडू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेही किनाऱ्यापासून फार लांब नाही. ‘एवढ्याशा पाण्यात काय होतंय’ हे वाक्य रंकाळ्याच्या काठावर ठेवून जायचं.

खानावळीला फोन दोन दिवस आधी. माझा एक फोन असा झाला होता.

‘वहिनी, रविवारी बाराजण येतोय. सुरमई मिळंल न्हवं?’

‘येवा. पण सुरमई गावात की नाय, ता सकाळीच कळात.’

मला वाटलं, सुरमई गावात विकायला येते की काय. मालवणीत ‘गावणं’ म्हणजे मिळणं, आपल्या ‘घावलं’चंच भावंड. तेव्हा फोनवर मासा पक्का करू नका, माणसं पक्की करा. किती जण, किती शाकाहारी, किती वाजता, एवढं सांगा. मासा सकाळी बाजार बघून ठरतो. निघाल्यावर कणकवलीत पोहोचलात की पुन्हा फोन करा, तोवर काय गावलं ते कळलेलं असतं. सुरमई आणि पापलेटचे दर आकारावर आणि दिवसावर असतात, म्हणून ताट कितीचं आणि तळलेला तुकडा वेगळा कितीचा, हे तेव्हाच विचारून घ्यायचं. जेवण झाल्यावर हिशेबावरून आवाज चढवण्यापेक्षा हे बरं. आपला आवाज तसाही चढलेलाच असतो.

शाकाहारी मंडळींचा विचार फोनवरच करा. बाराजणांत शनिवार धरणारा एक आणि माळकरी एक निघतोच. त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे किंवा आंबोळ्या सांगून ठेवा. आयत्या वेळी सांगितलं तर त्यांच्या वाट्याला वरणभात आणि तुमच्या ताटाकडं बघणं येतं.

तांबडा-पांढरा तिथं शोधू नका. मी शोधणारे बघितलेत. मालवणी आमटीत ओलं खोबरं असतं, कोकम किंवा तिरफळं असतात, तिखट वेगळ्या वाटेनं येतं. पहिल्या घासाला ‘सपक आहे’ वाटेल, भात संपेपर्यंत मत बदलेल. मटणाशिवाय चालतच नसेल तर कोंबडी-वडे सांगा. सोलकढी दोनदा मागा, कुणी काही म्हणत नाही. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कुर्ल्या (खेकडे) मिळाल्या तर सुरमई सोडून द्या, हे माझं वैयक्तिक मत, भांडायला मोकळे आहात.

निघताना

सकाळी पोटभर मिसळ खाऊन घाटात आणि घाटातून होडीत, हा आमचा जुना मूर्खपणा तुम्ही करू नका. घाटाआधी चहा-बिस्किट, घाट उतरल्यावर उप्पीट किंवा घावणे, एवढं पुरे. गरगरणाऱ्यांसाठी आवळा सुपारी किंवा आल्याचा तुकडा खिशात. होडीत त्यांना मध्ये, मागच्या बाजूला बसवा, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, नको. तिथं धक्के जास्त बसतात. आणि नजर मोबाइलवर न ठेवता लांब किनाऱ्यावर.

पायात कोल्हापुरी चप्पल नको. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खारं पाणी लागलं की चामडं वाळून कडक होतं आणि करकर वाजायचं सोडून ती तडकते. रबरी सँडल घाला. कोल्हापुरी गाडीत ठेवा, जेवायला बसताना घाला.

रोख पैसे सगळ्यांनी थोडे थोडे ठेवायचे. माडांच्या आत रेंज जाते, आणि वहिनींच्या हातात पीठ असताना त्यांना ‘स्कॅन कुठाय’ विचारणं बरं दिसत नाही. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी, नाहीतर ती भोगव्याला पोहोचते आणि तुम्ही देवबागला. पिण्याचं पाणी होडीत न्या. रिकाम्या बाटल्या परत आणा, खाडीत टाकू नका. तांडेल तोंडावर काही बोलणार नाही, पण पुढच्या वेळी फोन उचलणार नाही.

चढता-उतरताना होडी काठाला लागली तरी तांडेल हात देईपर्यंत उठायचं नाही. सगळे एकदम एका बाजूला गेले की होडी कलते. डॉल्फिन दिसला की हेच होतं. बाराजण उठतात, चौदा बोटं एका दिशेला. आधीच ठरवा, डावीकडं दिसला तर डावीकडचे बघतील, उजवीकडच्यांनी बसूनच मान वळवायची.

जेवणानंतर झोप येईल. गाडी चालवणाऱ्याला सोलकढी द्या, भात कमी द्या, आणि पंधरा मिनिटं माडाखाली पडू द्या. ही पंधरा मिनिटं सव्वातीनच्या आत बसवा.

येताना सुके बांगडे किंवा सोडे घ्यायचे असतील तर दोन पिशव्यांत घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून, डिकीत ओल्या कपड्यांपासून लांब ठेवा. आम्ही एकदा मागच्या सीटखाली ठेवले होते. राधानगरीपर्यंत चारी काचा खाली होत्या, डिसेंबरात.